आभासी गायिका आणि बोटांवरचा ताल

२ जुलै २००९ रोजी सेगा कंपनीने जपानमध्ये ‘हात्सुने मिकू: प्रोजेक्ट दीवा’ हा गेम विक्रीला आणला. तो प्लेस्टेशन पोर्टेबलसाठी, म्हणजे सगळे ज्याला पीएसपी म्हणतात त्या हातात धरायच्या कन्सोलसाठी होता. त्याची नायिका हाडामांसाची नाही, कुठल्या सिनेमातलं किंवा कॉमिकमधलं पात्रही नाही. मिकू हे मुळात गाणी तयार करण्याचं सॉफ्टवेअर. हौशी संगीतकारांनी त्या सॉफ्टवेअरकडून गाऊन घेतलेली गाणी गेममध्ये वाजतात, पडद्यावर मिकू नाचते आणि खेळणारा ठेका धरून बटणं दाबतो. पुढच्या दहा-अकरा वर्षांत पीएसपीनंतर प्लेस्टेशन व्हिटा, निन्टेंडो ३डीएस आणि स्विच या यंत्रांवर या गेमची भावंडं आली. आर्केडमध्ये, टीव्हीवरच्या कन्सोलवर आणि शेवटी मोबाइलवरही हा प्रकार पोचला.

रिदम गेम हा प्रकार तेव्हाच जुना झाला होता. मग या मालिकेने त्यात नवं काय आणलं, त्यातलं काय टिकलं आणि वाटेत काय हरवलं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. मालिकेचं खरं बळ तिच्या चकचकीत चित्रांत कधीच नव्हतं. गाणी कोणी रचलेली आहेत आणि खेळणाऱ्याला स्वतः किती रचू दिलं जातं, यात ते होतं. पहिली गोष्ट आजही शाबूत आहे, दुसरी हातची गेली.

खोक्यातून खिशात

संगीताच्या ठेक्यावर बटण दाबायचा खेळ लोकप्रिय केला तो १९९६ च्या ‘पाराप्पा द रॅपर’ने. १९९७ मध्ये कोनामीचं ‘बीटमेनिया’ आर्केडमध्ये आलं, १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ने हातांऐवजी पायांना कामाला लावलं आणि २००१ मध्ये नाम्कोच्या ‘ताइको नो तात्सुजिन’ने जपानी ढोल समोर ठेवला. २००५ मध्ये अमेरिकेत ‘गिटार हिरो’ प्लास्टिकची गिटार घेऊन आला. या बहुतेकांना वेगळं अवजार लागे: पायाखालचा पाट, ढोल, गिटार. खेळ घरी न्यायचा तर हे सामानही न्यावं लागे.

हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरायच्या कन्सोलवर, हा अडसर नव्हता. २००५ मध्ये निन्टेंडो डीएसवर आलेल्या ‘ओसु! ताताकाए! ओएन्दान’ने नुसत्या टचस्क्रीनवर रिदम गेमची मजा आणली, २००६ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या ‘रिदम तेन्गोकु’ने दोन-तीन बटणांत ती बसवली आणि त्याच वर्षी कोरियाच्या ‘डीजेमॅक्स पोर्टेबल’ने पीएसपी या कामाला किती योग्य आहे ते दाखवून दिलं.

हँडहेल्डचा आणखी एक फायदा तांत्रिक आहे आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रिदम गेमचा सगळा निकाल सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर ठरतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं. सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी आपल्या पद्धतीने सुधारतो आणि मग दाखवतो. त्यात काही चित्रांइतका उशीर सहज होतो. कानाला ठेका एका क्षणी कळतो, डोळ्यांना खूण दुसऱ्या क्षणी दिसते आणि बोटांचा गोंधळ उडतो. टीव्हीवरच्या रिदम गेममध्ये हा उशीर जुळवून घेण्याची सोय म्हणूनच द्यावी लागते. पीएसपीचा ४.३ इंची पडदा, स्पीकर आणि बटणं एकाच यंत्रात असल्याने हा प्रश्न जवळपास उरला नाही.

आवाज आधी, चेहरा नंतर

मिकूच्या मागे व्होकॅलॉइड हे यामाहाचं तंत्र आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबरच्या संशोधनातून ते उभं राहिलं आणि २००३ मध्ये जाहीर झालं. एखाद्या व्यक्तीच्या आवाजातले उच्चारांचे तुकडे ध्वनिमुद्रित करून साठवायचे. संगीतकाराने संगणकावर स्वर मांडायचे, प्रत्येक स्वराखाली अक्षर लिहायचं आणि सॉफ्टवेअरने ते जोडून गायचं, असा हा प्रकार. उत्तरेतल्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरात असलेल्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने २००४ मध्ये मेइको आणि २००६ मध्ये काइतो हे जपानी आवाज विकायला काढले. ३१ ऑगस्ट २००७ रोजी मिकू आली. आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा, वेष्टनावरचं चित्र केई या चित्रकाराचं. त्याच डिसेंबरात कागामिने रिन आणि लेन आले, जानेवारी २००९ मध्ये मेगुरिने लुका. गेममधल्या मुख्य गायकमंडळींचा ताफा तो हाच.

मिकूबद्दल क्रिप्टनने फारच थोडं सांगितलं: वय १६, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ४२ किलो, कोणत्या प्रकारची गाणी शोभतील याचा अंदाज. घरदार, स्वभाव, कथा काहीच नाही. हा मोकळेपणा निर्णायक ठरला. १९९६ मध्ये होरीप्रो या कलाकार-संस्थेने क्योको दाते नावाची संगणकीय गायिका वाजतगाजत आणली होती. तिचं सगळं चरित्र कंपनीने लिहून ठेवलं होतं, गाणंही कंपनीनेच करवून घेतलं होतं. ती टिकली नाही. मिकूचं चरित्र लोकांनी रचलं, तेही गाण्यांतून.

निकोनिको या जपानी व्हिडिओ-मंचावर काही आठवड्यांतच गाण्यांची रांग लागली. कोणी गाणं करी, दुसरा त्यावर चित्र काढी, तिसरा नाच बसवी. रचणाऱ्याच्या टोपणनावापुढे ‘पी’ लावायची पद्धत पडली. पी म्हणजे प्रोड्यूसर. २००७ च्या डिसेंबरात आलेलं रचनाकार र्‍योचं ‘मेल्ट’ आणि त्यानंतरचं ‘वर्ल्ड इज माइन’ ही गाणी इतकी गाजली की त्याच्या ‘सुपरसेल’ या गटाचा अल्बम २००९ मध्ये मोठ्या कंपनीने काढला. क्रिप्टनने पियाप्रो हा मंच सुरू करून व्यापारी नसलेल्या वापराला मोकळीक दिली. २०१२ मध्ये मूळ चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालीही आणली. २००८ मध्ये ‘मिकूमिकूडान्स’ हे फुकट सॉफ्टवेअर एका हौशी माणसाने बनवलं आणि मिकूला त्रिमितीत नाचवणं घरच्या संगणकावर शक्य झालं.

पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, याचं नवल नाही. इथे मात्र आवाज आधी घराघरात गेला आणि त्याला चेहरा, चाल, हावभाव पुढे शेकडो अनोळखी हातांनी चढवले. सेगाने २००९ मध्ये गेम केला तेव्हा तिच्यासमोर गाण्यांचा तयार साठा आणि ती गाणी तोंडपाठ असलेला प्रेक्षक, दोन्ही होते.

खेळाची रीत

बीटमेनियासारख्या गेममध्ये खुणा ठरलेल्या रांगांतून वरून खाली येतात आणि डोळे एकाच रेषेवर खिळतात. प्रोजेक्ट दीवाने ही रांग मोडली. पीएसपीच्या चार बटणांची चिन्हं, म्हणजे त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन, पडद्यावर कुठेही उमटतात. प्रत्येक चिन्हाच्या साच्यावर घड्याळासारखा काटा फिरतो आणि त्याच आकाराची रंगीत खूण दुरून उडत येते. काटा बारावर आणि खूण साच्यात, हे एकाच क्षणी घडतं. तोच क्षण बटणाचा. अचूक पडलं तर ‘कूल’, जरा इकडेतिकडे तर ‘फाइन’, त्याखाली ‘सेफ’, ‘सॅड’ आणि ‘वर्स्ट’. पहिल्या दोन निकालांनीच सलग दाबांची साखळी टिकते. डावीकडची दिशादर्शक बटणंही त्या चार चिन्हांची कामं करतात, त्यामुळे जलद तुकडा दोन्ही अंगठ्यांत वाटून घेता येतो. हे कौशल्य हातात बसलं की खेळणाऱ्याची खरी प्रगती सुरू होते.

या रचनेचं दुसरं वैशिष्ट्य कानाला कळतं. कित्येक रिदम गेममध्ये बोटं तालवाद्याच्या मागे धावतात. इथे ती बहुधा गाण्याच्या अक्षरांमागे जातात. मिकूच्या तोंडून जे अक्षर येतं त्याच्यावर दाब पडतो. त्यामुळे जपानी न येणारा माणूसही चार-पाच वेळा खेळला की ओळीची लांबी, श्वासाची जागा आणि ध्रुवपदाकडे परतण्याची वाट बोटांनी ओळखू लागतो. माणसाला धाप लागेल असं गाणं मिकू न थांबता गाऊ शकते. संगीतकारांनी ते ओळखलं होतं. कॉस्मो या रचनाकाराचं ‘हात्सुने मिकू नो शोशित्सु’ मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत धावतं. एका ठोक्याला पाव सेकंद, त्याचे चार भाग केले तर प्रत्येकाला ६२.५ मिलिसेकंद. मालिकेतली सर्वांत अवघड गाणी म्हणून ज्यांचं नाव निघतं, त्यांत हे आहेच.

उणीवही याच रचनेत आहे. खुणा सगळ्या पडद्यावर विखुरतात, मागे रंगीबेरंगी चित्रफीत चालू असते आणि कॅमेरा फिरत असतो. गाणं बघावं की खुणा बघाव्यात, असा पेच पडतो. प्रत्यक्षात खेळणारा नाच पाहतच नाही. नाच पाहणारा शेजारी बसलेला असतो. सेगाने नुसती चित्रफीत पाहण्याची वेगळी सोय दिली, ती उगाच नव्हे.

पीएसपी ते स्विच

२९ जुलै २०१० च्या ‘प्रोजेक्ट दीवा सेकंड’मध्ये दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबायचे बाण आले, दाबून धरायच्या खुणा आल्या आणि ‘एक्स्ट्रीम’ ही चौथी पातळी आली. पहिल्या गेमचा सांगाडा इथे भरला. नोव्हेंबर २०११ च्या ‘एक्स्टेंड’ने त्यात भर घातली. पीएसपीवरचे हे तिन्ही गेम जपानबाहेर अधिकृतपणे आलेच नाहीत. पण पीएसपीच्या गेमना प्रदेशाचं कुलूप नव्हतं, त्यामुळे मागवलेली जपानी डिस्क कुठल्याही देशातल्या यंत्रावर चाले. परदेशातला पहिला चाहतावर्ग या वाटेने तयार झाला.

३० ऑगस्ट २०१२ रोजी व्हिटावर ‘प्रोजेक्ट दीवा एफ’ आला. पडदा पाच इंची झाला, चित्रं देखणी झाली आणि बोटाने पडदा घासून उडवायच्या चांदण्या आल्या. चांदण्या दिसायला छान, पण अंगठा बटणावरून उचलून काचेवर न्यावा लागे, तेवढ्यात लय सुटे. ‘सेनबोनझाकुरा’ आणि ‘टेल युअर वर्ल्ड’सारखी तेव्हाची बहुचर्चित गाणी मात्र याच गेममध्ये आली. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वरची आवृत्ती अमेरिका आणि युरोपात विकली गेली. पाश्चात्य बाजारात मालिकेचा अधिकृत प्रवेश तो. मार्च २०१४ चा ‘एफ सेकंड’ माझ्या मते व्हिटावरचा सर्वांत समतोल गेम. गाण्यांची निवड, खुणांची मांडणी आणि सोयी, तिन्ही जमून आल्या होत्या. २०१६ च्या ‘प्रोजेक्ट दीवा एक्स’ने गाण्यांभोवती कथेचा पातळ धागा गुंडाळला आणि तीच गाणी पुन्हा पुन्हा खेळायला लावली. तिथे मालिका दमलेली दिसते.

निन्टेंडो ३डीएसवरची ‘प्रोजेक्ट मिराई’ ही शाखा वेगळ्या वळणाची. मार्च २०१२ मध्ये सुरू झालेल्या या शाखेत मिकू आणि मंडळी नेन्डोरॉइड या मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांच्या रूपात येतात. खुणा एकाच वळणावळणाच्या रेषेवरून सरकतात, त्यामुळे नजर भरकटत नाही. व्हिडिओवर आपली टिप्पणी टाकून दुसऱ्या यंत्रावर पाठवता येई. निकोनिकोची आठवण करून देणारी ही सोय होती. २०१५ चं ‘मिराई डीएक्स’ नवख्यांसाठी मालिकेतलं सर्वांत प्रेमळ दार आहे. स्विचवर १३ फेब्रुवारी २०२० रोजी आलेल्या ‘मेगा मिक्स’मध्ये १०१ गाणी होती. त्यांतली बरीचशी आर्केडवाल्या आवृत्तीतून आलेली. दोन हातांत दोन कंट्रोलर धरून ते झुकवत खेळायची नवी रीत फारशी रुजली नाही. बटणांची जुनी रीत तिथेही सरस वाटते.

याच काळात इतर आभासी आणि चित्रित गायकही हँडहेल्डवर उतरले. सेगानेच २०१० मध्ये ‘के-ऑन!’ या लोकप्रिय मालिकेवर पीएसपीचा रिदम गेम काढला. २०१२ मध्ये ‘आयडॉलमास्टर शाइनी फेस्टा’ आला. २०१५ मध्ये व्होकॅलॉइड गायिका इआचा ‘आयए/व्हीटी कलरफुल’ व्हिटावर आला. पहिल्या दोन्हींत पात्रांमागे गाणारे अभिनेते होते आणि गाणी निर्मात्यांनी ठरवून करवून घेतलेली. इआकडे संगीतकारांची फळी होती, पण मिकूइतका भोवताल नव्हता. या तुलनेत मिकूचं वेगळेपण उठून दिसतं. तिच्या गेममधलं जवळजवळ प्रत्येक गाणं आधी लोकांत गाजलं आणि मग गेममध्ये आलं. रचनाकाराचं नाव गाण्यासोबत झळकतं. गाण्याचा हक्क रचनाकाराचा, मिकूच्या रूपाचा क्रिप्टनचा, गेम सेगाचा. या तिघांचा करार जमला म्हणून मालिका उभी राहिली.

गेममधून रंगमंचावर

९ मार्च २०१० रोजी तोक्योच्या झेप सभागृहात मिकूचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. अर्धपारदर्शक पडद्यावर सेगाने घडवलेली त्रिमितीय मिकू प्रक्षेपित केली होती, शेजारी हाडामांसाचे वादक होते. कार्यक्रमाच्या नावातच ‘प्रोजेक्ट दीवा’ होतं. २ जुलै २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ती अमेरिकी प्रेक्षकांसमोर उभी राहिली. २०१४ पासून ‘मिकू एक्स्पो’ या नावाने जगभर दौरे निघू लागले, पहिला जकार्तात. खिशातल्या यंत्रासाठी बसवलेल्या नाचाने हजारोंची सभागृहं भरली. हे श्रेय गेमला द्यावंच लागतं. पण २०२४ च्या कोचेला महोत्सवात तिला साध्या एलईडी पडद्यावर दाखवलं तेव्हा प्रेक्षक नाराज झाले. आभासी गायिकेलाही रंगमंचावर असल्याचा भास द्यावा लागतो, एवढं त्यातून कळलं.

व्होकॅलॉइडच्या मुशीतून जपानी संगीतातली एक पिढीही घडली. गायक केन्शी योनेझु आधी ‘हाची’ या नावाने मिकूकडून गाऊन घेत असे. २०१८ च्या ‘लेमन’ या गाण्याने त्याला घराघरात पोचवलं. योआसोबी या संगीतगटाचा रचनाकार आयासे याचीही सुरुवात व्होकॅलॉइडवरच झाली.

हरवलेलं दालन

पहिल्या गेममध्ये ‘एडिट मोड’ नावाचं दालन होतं. आपल्याकडचं एमपी३ गाणं मेमरी स्टिकवर टाकायचं, त्यावर बटणांच्या खुणा बसवायच्या, नाचाच्या हालचाली आणि कॅमेरा निवडायचा आणि आपला गेम आपणच तयार करायचा. केलेली मांडणी दुसऱ्यालाही देता येई. गाण्यातली कुठली जागा दाबायला मजा येईल, कुठे विसावा हवा, कुठे खुणा गर्दी करतात, हे एकदा स्वतः मांडल्याशिवाय कळत नाही. खेळणारा तिथे रचनाकाराच्या जागी बसे. ऐकणाऱ्याने रचणारा व्हावं, या ज्या वृत्तीतून मिकू मोठी झाली तीच वृत्ती गेममध्ये चालू राहिली होती. ‘एफ सेकंड’पर्यंत हे दालन टिकलं. ‘एक्स’मध्ये त्याच्या जागी मैफल सजवायची सोय आली, ‘मेगा मिक्स’मध्ये तीही गेली. गाण्यांची संख्या वाढली, कपड्यांचे शेकडो जोड आले आणि खेळणाऱ्याचं काम निवडण्यापुरतं उरलं. २०२२ मध्ये ‘मेगा मिक्स प्लस’ संगणकावर, स्टीम या ऑनलाइन दुकानात आला, तेव्हा चाहत्यांनी मॉड करून, म्हणजे गेमच्या फायलींत बदल करून, स्वतःची गाणी आणि मांडण्या घुसवल्या. कंपनीने बंद केलेलं दार लोकांनी मागून उघडलं.

३० सप्टेंबर २०२० रोजी आलेला मोबाइल गेम ‘प्रोजेक्ट सेकाइ’ आज या घराण्यातला सर्वांत गजबजलेला. सेगा आणि कलरफुल पॅलेटच्या या गेममध्ये शाळकरी मुलामुलींचे पाच गट आहेत आणि मिकूची मंडळी त्यांच्या सोबतीला. खेळ फुकट, गाणी सतत वाढती, नव्या रचनाकारांना काम देणारी. ही जमेची बाजू मोठी आहे. पण कमाई पत्त्यांच्या सोडतीवर चालते. हवं ते पात्र मिळेल की नाही हे नशिबावर आणि त्यासाठी पैसे मोजायचे. शिवाय सगळं सर्व्हरवर. कंपनीने कळ दाबली की खेळ संपला. पीएसपीची डिस्क आजही चालते, तर ३डीएसचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाल्यापासून ‘मिराई डीएक्स’ डाउनलोड करून विकत घेता येत नाही. हौशी लोकांच्या गाण्यांचा एवढा मोठा खेळता संग्रह विक्रीतून गायब होतो, ही सांस्कृतिक हानी आहे.

आणखी एक आक्षेप टाळता येणार नाही. सोळा वर्षांची ठरवलेली मुलगी, तिचे कपडे खेळणाऱ्याने बदलायचे, त्यातले काही तोकडे आणि विकत घ्यायचे. मिकू कोणाचीही नाही म्हणून सर्वांची आहे, हे म्हणणं गाण्यांपुरतं खरं. बाजार मात्र त्या मोकळेपणाचा फायदा आपल्या पद्धतीने उठवतो.

तरीही निकाल मालिकेच्या बाजूनेच द्यावा लागतो. रिदम गेमला तिने तालवाद्याकडून गायकीकडे वळवलं, अनोळखी रचनाकारांची नावं लाखोंपुढे नेली आणि एका सॉफ्टवेअरला रंगमंच मिळवून दिला. सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी स्विचवरचा ‘मेगा मिक्स’ घ्यावा, ‘नॉर्मल’ पातळीपासून खेळावा आणि वायरचाच हेडफोन लावावा, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. कोणाकडे जुना व्हिटा असेल तर ‘एफ सेकंड’ शोधावा आणि दोन-चार गाणी खेळून झाली की थेट एडिट मोड उघडावा. पुढचा गेम काढताना सेगाने बाकी काही आणलं नाही तरी चालेल, एवढं एक दालन मात्र परत आणावं.